कमांड लाइनवर मराठी मजकूर शोधताना: काय करावे, काय टाळावे

कवठे महांकाळ तालुक्यात आता बहुतेक कामांची यादी संगणकात असते. पीकविम्याचे अर्जदार, सोसायटीचे सभासद, म्हैसाळ योजनेच्या पाण्याची मागणी, शीतगृहातले बेदाण्याचे बॉक्स, मंडळनिहाय पाऊस, सगळेच. या याद्या एक्सेलमध्ये उघडून एकेक नाव डोळ्यांनी हुडकण्यात दिवस जातो. ग्रेप, फाइंड, सॉर्ट, ऑक ही छोटी साधने तेच काम काही सेकंदांत करतात. ती मोफत आहेत. लिनक्स आणि मॅकवर आधीपासून असतात, विंडोजवर डब्ल्यूएसएल बसवले की मिळतात, आणि अँड्रॉइड फोनवर टर्मक्स अ‍ॅपमध्येही चालतात.

मात्र ही साधने चिन्हाला चिन्ह जुळवतात, अर्थ जाणत नाहीत. आपल्याकडे एकच गाव चार तऱ्हांनी लिहिले जाते आणि एकच अक्षर दोन प्रकारे साठवले जाते. त्यामुळे यादीत असलेला माणूस शोधात येत नाही, आणि ‘तुमचे नाव नाही’ असे ऐकून तो परत जातो. दुष्काळी तालुक्यात अशी एक चूक एखाद्या घराचा हंगाम बिघडवू शकते. पुढची पथ्ये ती चूक टाळण्यासाठी आहेत.

आज्ञांची आणि ऑप्शनची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान लिपीत लिहावीत, ऑप्शनआधी - द्यावे, आणि जिथे ‘कॅपिटल’ म्हटले आहे तिथेच मोठे अक्षर वापरावे. मराठी नमुने आहेत तसेच टाइप करायचे. एकट्या मात्रेभोवती ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर ते फक्त पडद्यावरचे असते.

१. आधी फाइल ओळखा

करावे

- शोधाआधी ‘फाइल’ ही आज्ञा चालवा. मजकूर यूटीएफ-८ आहे, यूटीएफ-१६ आहे की आणखी काही, ते ती सांगते. जुन्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ म्हणून जतन केलेली फाइल यूटीएफ-१६ असते. तिच्यात साध्या ग्रेपला एकही मराठी शब्द सापडणार नाही. ‘आयकॉन्व्ह’ने ती यूटीएफ-८ करून घ्या.
- ‘हेड’ किंवा ‘लेस’ने सुरुवातीच्या ओळी स्वतः वाचा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची भेसळ दिसली, तर मजकूर श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटातला आहे. तिथे साठवलेले असते लॅटिन अक्षर, मराठी रूप फाँट देतो. फाँट-परिवर्तकाने युनिकोड केल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- एक्सेलमधून बाहेर काढताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा.
- विंडोजवरून आलेली फाइल ‘डॉस-टू-युनिक्स’मधून काढा. तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह जास्त असते आणि त्यामुळे $ लावून केलेला ‘ओळीच्या शेवटी’ असा शोध फसतो. फाइलच्या आरंभीची अदृश्य खूणही याच आज्ञेने जाते. ती राहिली तर ^ लावलेला ‘ओळीच्या सुरुवातीला’ असा शोध पहिली ओळ चुकवतो.

टाळावे

- साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात मराठी जतन करू नका. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि ती पुन्हा अक्षरे होत नाहीत.
- जुन्या फाँटातला मजकूर आयकॉन्व्हने सुधारेल असे धरू नका. ते संकेतप्रणाली बदलते, फाँटाची चलाखी त्याला कळत नाही.
- पीडीएफवर थेट ग्रेप चालवू नका. आधी ‘पीडीएफ-टू-टेक्स्ट’ने मजकूर काढा. पाने स्कॅन केलेली असतील तर चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या टेसरॅक्टला मराठीचा डेटा देऊन मजकूर मिळवा आणि नमुन्यादाखल काही पाने मूळ प्रतीशी ताडून पाहा.
- ‘बायनरी फाइल जुळते’ एवढाच संदेश आला तर तो वाचून सोडून देऊ नका. ए ऑप्शन दिला की ग्रेप ती फाइल मजकूर म्हणून वाचतो.

२. गावाचे नाव शोधताना

करावे

- तालुक्याच्या नावासाठी कवठे[ -]*महा*ं*काळ असा नमुना द्या. कवठे महांकाळ, कवठेमहांकाळ, कवठे-महांकाळ, कवठे महंकाळ ही सगळी रूपे एका शोधात येतात. * म्हणजे आधीचे चिन्ह शून्य वेळा किंवा कितीही वेळा.
- योजनेच्या नावासाठी म्है[सश]ाळ लिहा. चौकटी कंसात दिलेल्यांपैकी कोणतेही एक चिन्ह चालते.
- ‘गाव’ने संपणाऱ्या नावांत गां*व लिहा. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले. त्याआधीच्या कागदांत, आणि सवयीने नंतरच्याही कित्येक कागदांत, ‘ढालगांव’, ‘हिंगणगांव’ असा अनुस्वार आहे.
- अलकूड (एम) आणि अलकूड (एस) ही दोन वेगळी गावे आहेत. करोली (टी) आपल्या तालुक्यात, तर करोली (एम) मिरज तालुक्यात. अशी नावे शोधताना कॅपिटल एफ द्या, म्हणजे कंस हे साधे कंस म्हणूनच वाचले जातात. विस्तारित नमुन्यात, म्हणजे कॅपिटल ई दिल्यावर, कंसाचा अर्थ ‘गट’ होतो. मग ‘अलकूड (एस)’ असे शोधले तर साधन ‘अलकूड एस’ शोधते आणि खरी ओळ सुटते.
- गावाचा संकेतांक असेल तर नावाऐवजी तोच वापरा. २०११च्या जनगणनेत प्रत्येक गावाला ६ अंकी संकेतांक आहे. त्याला ऱ्हस्व-दीर्घ नसते. मोठ्या आकड्याच्या पोटात तो सापडू नये म्हणून डब्ल्यू ऑप्शन द्या.

टाळावे

- नुसते ‘कवठे’ शोधू नका. तासगाव तालुक्यातले कवठे एकंद, मिरज तालुक्यातले कवठे पिरान आणि वाईकडचे कवठेही हाती येईल.
- नुसते ‘धुळगाव’ किंवा ‘बोरगाव’ही नको. अग्रण धुळगाव आपले, धुळगाव तासगावचे. बोरगाव तर आपल्याकडे आहे आणि वाळवा तालुक्यातही. तालुक्याचा रकाना जोडूनच शोधा.
- व्ही ऑप्शनने घाईत ओळी वगळू नका. ‘अग्रणी’ शोधले की नदीबरोबर ‘जिल्हा अग्रणी बँक’ही येते. बँकेच्या ओळी नकोत म्हणून व्ही लावून ‘बँक’ वगळली, तर नदीच्या कामाला बँकेने दिलेल्या निधीची ओळही जाते. नको असलेले नेमके शब्द, म्हणजे ‘अग्रणी बँक’, एवढेच वगळा आणि काय गेले तेही वाचा.
- एफ ऑप्शनने गावांची यादी फाइलमधून देताना त्या यादीत रिकामी ओळ ठेवू नका. रिकामा नमुना प्रत्येक ओळीशी जुळतो आणि सगळी फाइल ‘सापडते’.

३. मराठी शब्द शोधताना

करावे

- शब्द नव्हे, त्याचा न बदलणारा भाग शोधा. ‘बेदाणा’ शोधाल तर ‘बेदाण्याचा’ आणि ‘बेदाणे’ सुटतील. ‘बेदाण’ शोधा, तिन्ही येतील.
- मूळच बदलत असेल तर चौकटी कंस वापरा. पा[ऊव]स दिले की ‘पाऊस’ आणि ‘पावसाळा’ दोन्ही येतात. विह[िी]र दिले की ‘विहीर’ आणि ‘विहिरीत’. पाट[िी]ल दिले की आडनावाची दोन्ही लेखने.
- ‘शेतकरी’साठी शेतक[रऱ] लिहा. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द कुणी ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने टाइप करतो, कुणी ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा तीन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, साधनाला ते वेगळे शब्द आहेत.
- ‘बँक’ आणि ‘बॅंक’ दोन्ही हवे असतील तर कॅपिटल ई देऊन ब[ॅँं]+क वापरा.
- मोठ्या फाइलीवर काम करण्याआधी ‘युकॉन्व्ह’ने मजकूर एनएफसी या प्रमाणरूपात आणा. ‘र’ आणि नुक्ता असे सुटे लिहिलेले ‘ऱ’ त्याने एकच चिन्ह होते.
- एनएफसी जे जुळवत नाही त्याची स्वतःची बदल-यादी मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’मध्ये ठेवा. २००८ साली युनिकोडमध्ये ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह आले. त्याआधीचा मजकूर ‘अ’ आणि चंद्र जोडून लिहिलेला आहे. जुन्या फाँटातून बदललेल्या मजकुरात ‘ऑफिस’ऐवजी ‘आ’ आणि चंद्र असे दोन तुकडे सापडतात. अदृश्य जोडचिन्हांचेही तसेच. हे बदल एकदा लिहून ठेवा आणि प्रत्येक नव्या फाइलीवर तेच चालवा.

टाळावे

- आय ऑप्शनवर भिस्त ठेवू नका. तो इंग्रजीतली लहान-मोठी अक्षरे सारखी मानतो. देवनागरीत तसा भेदच नाही, ऱ्हस्व-दीर्घ तो जुळवत नाही.
- ‘पूर्ण शब्दच’ शोधणारा डब्ल्यू ऑप्शन मराठी शब्दांवर न तपासता लावू नका. मात्रा आणि हलन्त यांना काही साधने अक्षर धरतात, काही धरत नाहीत. शिवाय ‘नागज’ हा पूर्ण शब्द मागितला की ‘नागजला’ आणि ‘नागजच्या’ या ओळी जातात.
- नमुन्यातला . म्हणजे एक अक्षर असे समजू नका. ‘कवठे’ वाचताना तीन अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये ती ४ चिन्हे होतात, यूटीएफ-८मध्ये १२ बाइट. मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी’ला सी ऑप्शन दिला तर (ओळीच्या शेवटचे चिन्ह सोडून) १२ येतील, एम दिला तर ४.
- वेग वाढावा म्हणून भाषेची सेटिंग ‘सी’ करून चौकटी कंसाचे मराठी नमुने चालवू नका. त्या सेटिंगमध्ये प्रत्येक बाइट सुटा धरला जातो आणि कंसातली मात्रा फुटते.

४. फाइली शोधताना

करावे

- फाइंडला दिलेला नावाचा नमुना अवतरणात ठेवा. नाहीतर * चा अर्थ शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्राम, आधीच लावून टाकतो आणि फाइंडपर्यंत भलतेच पोहोचते.
- शासन निर्णयांचा साठा असेल तर फाइलच्या नावाचा उपयोग करा. त्यांच्या लांब संकेतांकाचे पहिले ८ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. वर्षाचे चार अंक आणि पुढे * दिले की त्या वर्षाचे निर्णय वेगळे होतात.
- ‘गेल्या आठवड्यातली फाइल’ हवी असेल तर एमटाइम ऑप्शनला -७ द्या, आकडा इंग्रजी अंकात.
- फाइलच्या नावांत मोकळी जागा असतेच, ‘कवठे महांकाळ पाऊस’ यासारखी. फाइंडकडून ‘एक्सआर्ग्स’कडे नावे पाठवताना फाइंडला ‘प्रिंट-शून्य’ आणि एक्सआर्ग्सला ‘शून्य’ हा ऑप्शन द्या. मग एका नावाचे तीन तुकडे होत नाहीत.
- कोणत्या फाइलींत शब्द आहे हे हवे असेल तर एल, कोणत्या फाइलींत नाही हे हवे असेल तर कॅपिटल एल.

टाळावे

- फाइंडचा डिलीट ऑप्शन पहिल्याच फटक्यात चालवू नका. तोच शोध आधी नुसता छापून पाहा, यादी वाचा, मग ठरवा.
- चुकांचे संदेश गिळून टाकू नका. ‘परवानगी नाही’ हा संदेश लपवला, तर न उघडलेला फोल्डर तपासल्यासारखा वाटतो.
- रिपग्रेपसारखे वेगवान साधन सगळे वाचते असे धरू नका. लपवलेल्या फाइली आणि गिटने दुर्लक्षित ठेवलेल्या फाइली ते मुळातच सोडून देते. सगळे तपासायचे असेल तर तसे त्याला सांगावे लागते.
- दाबून ठेवलेल्या जीझेड फाइलींवर साधा ग्रेप नको, ‘झेडग्रेप’ वापरा.

५. चाळताना, क्रम लावताना, मोजताना

केन थॉम्प्सन यांनी बेल लॅब्जमध्ये ग्रेप लिहिला तो १९७३च्या सुमारास, आणि डग मॅक्लरॉय यांच्या आग्रहामुळे युनिक्समध्ये पाइप आला तोही त्याच काळात. एका साधनाचा निकाल | ने पुढच्याला द्यायचा, ही कल्पना आजही तशीच टिकली आहे. बेदाणा शेडवर माल आधी निवडतात, मग चाळणीवर प्रतवारी करतात, मग वजन. पाइपमध्येही कामांचा क्रम असाच महत्त्वाचा.

करावे

- आधी ग्रेपने ओळी कमी करा, मग रकाना काढा, मग सॉर्ट, शेवटी मोजणी. प्रत्येक टप्प्यावर हेड लावून निकाल पाहा.
- ‘युनिक’च्या आधी सॉर्ट कराच. युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एक करतो. मध्ये दुसरी ओळ आली की तेच नाव पुन्हा मोजले जाते.
- बेरजेआधी देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदला. सॉर्ट आणि ऑक यांना ‘४५’ हा आकडा वाटत नाही. ऑक त्याला शून्य धरतो आणि कोणतीही तक्रार न करता चुकीची बेरीज देतो. सेडच्या ‘वाय’ आज्ञेला दहा देवनागरी अंक आणि दहा इंग्रजी अंक दिले की काम होते. आकड्यांतले स्वल्पविरामही काढा, ‘१,२५,०००’ मधल्या पहिल्या स्वल्पविरामाशीच ऑक थांबतो.
- पिनकोडसारखे आकडे शोधताना दोन्ही लिप्या लक्षात घ्या. ‘४१६४०५’ काही अर्जांत देवनागरीत असतो, काहींत इंग्रजीत.

टाळावे

- लिनक्सवर ‘टीआर’ने मराठी अक्षरे किंवा अंक बदलू नका. ते एकेक बाइट बदलते आणि मराठी मजकूर नासतो.
- ‘कट’ला सी ऑप्शन देऊन मराठी मजकुराची पहिली काही अक्षरे कापू नका. बऱ्याच लिनक्सवर तो बाइट मोजतो आणि अक्षर मध्येच तुटते. रकान्यांसाठी एफ ऑप्शन ठीक.
- सीएसव्ही नुसत्या स्वल्पविरामावर तोडू नका. ‘मु. पो. नागज, ता. कवठे महांकाळ’ हा पत्ता एकाच रकान्यात असतो. तो तुटला की पुढचे सगळे रकाने सरकतात. अवतरणे समजणारे ‘मिलर’सारखे साधन घ्या किंवा फाइल टॅबने वेगळी केलेली मागवा.
- सॉर्टने लावलेला क्रम म्हणजे मराठी वर्णक्रम समजू नका. युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर आहे. छापील यादी देण्याआधी हे पाहा.
- ग्रेपचा सी ऑप्शन म्हणजे शब्दांची मोजणी नव्हे. तो ओळी मोजतो. एका ओळीत शब्द तीनदा आला तरी एकच. प्रत्येक वेळ मोजायची असेल तर ओ ऑप्शनने जुळलेला भाग वेगळ्या ओळींवर काढा, मग डब्ल्यूसीने मोजा.

६. मूळ फाइल आणि माणसांची माहिती जपा

करावे

- मूळ फाइलीची प्रत वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि ती फक्त वाचण्यापुरती खुली करा.
- सेडला जागच्या जागी बदल करायला सांगताना आय ऑप्शनला जोडून शेपूट द्या, म्हणजे जुनी प्रत त्या नावाने शिल्लक राहते.
- फाइल कुणाला पाठवण्याआधी १२ आकडी क्रमांक शोधा, सलग आणि चार-चारच्या गटांतलेही, दोन्ही लिप्यांत. आधार क्रमांक सापडले तर झाका. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणासाठी २०२३चा कायदा आहेच, पण त्याआधी ती लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे.

टाळावे

- ज्या फाइलीतून वाचता त्याच फाइलीत > ने निकाल लिहू नका. वाचण्याआधीच शेल ती रिकामी करतो.
- आधार किंवा खाते क्रमांक थेट आज्ञेत टाइप करू नका. तो शेलच्या इतिहासात साठून राहतो. नमुना फाइलमध्ये ठेवून एफ ऑप्शनने द्या आणि काम झाले की ती फाइल पुसा.
- लाभार्थ्यांची यादी सामायिक संगणकाच्या डेस्कटॉपवर ठेवून उठू नका.

७. ‘सापडले नाही’ म्हणण्याआधी

करावे

- ग्रेपचा परतीचा आकडा पाहा. ० म्हणजे सापडले, १ म्हणजे सापडले नाही, २ म्हणजे काहीतरी चुकले. १ आणि २ यांत गल्लत झाली तर न वाचलेल्या फाइलीबद्दल आपण निर्णय देतो.
- जे नाव यादीत नक्की आहे, ते त्याच नमुन्याने शोधून पाहा. ते सापडत नसेल तर नमुना किंवा फाइल यात दोष आहे.
- बेरीज जुळवा. जुळलेल्या ओळी आणि व्ही लावून मिळालेल्या न जुळलेल्या ओळी मिळून फाइलीच्या एकूण ओळी व्हायला हव्यात.
- चालवलेली आज्ञा, तारीख आणि फाइलचे नाव एका साध्या मजकूर फाइलीत नोंदवा. उद्या कुणी विचारले, तर तोच शोध त्याच्यासमोर पुन्हा करता येतो.
- नाव मिळाले नाही तर निदान तीन वाटांनी पुन्हा पाहा: आडनावाच्या मुळाने, गावाच्या संकेतांकाने, मोबाइलच्या शेवटच्या चार अंकांनी.

टाळावे

- एका शोधावर कुणाचे नाव कापू नका.
- संगणकाने सांगितले म्हणून अर्जदाराला परत पाठवू नका. नमुना आपण लिहिलेला असतो, म्हणून उत्तराची जबाबदारीही आपलीच. त्याची पावती हातात घ्या, त्यावर नाव जसे लिहिले आहे तसे टाइप करा आणि त्याच्या समोर पुन्हा शोधा.